राहिलेलं विसर्जन आणि मांडीवरची गिटार

परवा इथल्या गुरुजींचा फोन आला. बाबांना जाऊन वर्ष उलटलं, यंदा त्यांचा पहिला पक्ष. तिथी ठरली, पानं किती वाढायची ते ठरलं, आणि फोन ठेवता ठेवता गुरुजींनी सहज विचारलं, "वडिलांना काय आवडायचं हो? एखादी वस्तू असली तर दानात देऊन टाकू." बाबांना काय आवडायचं? त्यांच्या मालकीचं असं काय होतं? दोन पंचे, एक तांब्या, दर्भाची चटई. लोकांच्या वाडवडिलांना काय आवडायचं हे विचारण्यात त्यांचा उभा जन्म गेला, पण त्यांना हा प्रश्न विचारायचं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही. "आईला विचारून सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला.

खरं तर भाद्रपद उतरणीला लागला की माझं असं होतंच. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, खाली सिमेंटचं अंगण, चिखल औषधालाही नाही. तरी सकाळी खिडकी उघडली की मला गाळाचा वास येतो. काशीतला, दुर्गाघाटाचा. पावसाळाभर गंगा पायऱ्या चढत वर येते. भाद्रपदात तिचा राग ओसरतो, ती खाली उतरायला लागते, आणि उतरताना पायरी-पायरीवर करडा, मऊ, चमकणारा गाळ ठेवून जाते. मल्लाह, म्हणजे नावाडी, त्यावर फळ्या टाकत. नवखा यात्रेकरू हमखास घसरे, आणि "आरामसे बाबूजी, आरामसे," म्हणत सगळे त्याला उचलत. उन्हात तो गाळ तापला की एक ओला, जुना वास सुटे, आणि पलीकडच्या रेतीवर कासाचं गवत पांढरं होऊन डोलत असे.

ह्याच दिवसांत पितृपंधरवडा. लोकांकडे दिवाळीला जी धांदल, ती आमच्याकडे ह्या पंधरवड्यात. बाबा उपाध्ये. महाराष्ट्रातून यजमान येत, आमच्याच घरी उतरत, आणि खालच्या चौकात दिवसभर श्राद्धं चालत. आई सोवळ्यात चुलीपुढे. भरड्याचे वडे, खीर, आमसुलाची चटणी. सगळ्या घराला तिळाचा आणि तुपाचा वास, दाराशी दर्भाची काडी, छतावर कावळ्यांची वर्दळ. ह्या दिवसांत घरात गाणं-बजावणं नाही. रेडिओ बंद, आणि टीव्हीवर आईचं जुनं लुगडं टाकलेलं. पितर घरी आलेले असताना असला धुडगूस शोभत नाही, असं बाबांचं म्हणणं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला पितरांची थोडी दयाच यायची. वर्षातून एकदा यायचं, ते ह्या सुतकी घरात.

मी सांगते आहे ते वर्ष नव्वदीच्या दशकातलं. त्या वर्षी आमच्या घरी एक खास पितर येणार होते. आईचे मोठे भाऊ, अण्णा. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

अण्णा हवाईयन गिटार शिकवत. म्हणजे उभ्याने गळ्यात अडकवून वाजवतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला स्टीलचा रॉड तारांवरून सरकवायचा. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी नाही, घसरत जायचं. त्या काळी बनारसमध्ये पुष्कळ घरांत ती होती. मुली शिकत, लग्न झालं की ती माळ्यावर जाई. अण्णांना मुंज झाल्यापासून लोकांची चेष्टा ऐकायची सवय होती. भिक्षुकाच्या घरात जन्मून हे काय मांडीवर घेऊन बसलात, असं लोक विचारत. आणि ज्यांना गिटारीतलं कळे ते म्हणत, ही काय गिटार झाली? खरे गिटारवाले उभे राहतात. अण्णा हसत आणि रॉड पुसत.

त्यांची सगळ्यांत चांगली शिष्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण कुसुम. माझी आई. आता माझ्या आईचं नाव रमा. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं, ते बाबांनी लिहिलं, आणि त्या दिवसापासून कुसुम हे नाव जगात एकट्या अण्णांच्या तोंडी उरलं. "कुसुम, तार उतरली बघ," असं ते जिन्यातूनच ओरडत. आई लग्नानंतरही चोरून-मारून वाजवत असे. अण्णा गेले आणि तिने त्यांची गिटार त्यांच्याच धोतरात गुंडाळून फळीवर ठेवली. रॉड मात्र मिसळणाच्या डब्यात सापडे. का, ते मी कधी विचारलं नाही.

पंधरवडा लागायच्या आधी तिने बाबांना सांगितलं, "सर्वपित्रीला अण्णाच्या नावाने गिटार देऊन टाका. त्याची आवडती वस्तू तीच."

शास्त्राला धरूनच होतं. गेलेल्याचं आवडतं दान द्यायचं, ते त्याला पोचतं. बाबांनी रामघाटच्या पाठशाळेतल्या एका शास्त्रीबुवांना अमावास्येचं आमंत्रण दिलं. शास्त्रीबुवा गिटारीचं काय करणार, हा प्रश्न मला पडला. आईला नव्हता पडला. "घरातून गेली म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि वडे थापायला लागली. तिच्या त्या पाठमोऱ्या बसण्याकडे बघून मला रडू आलं, पण बोलायची छाती झाली नाही. अमावास्येला संकल्पाचं पाणी सुटलं की ती वस्तू परत घेता येत नाही, हे आमच्या घरात दुधखुळ्या पोरालाही ठाऊक.

आणि मग अकोल्याचे भालेराव आले. गोल, गोड, घामेजलेले गृहस्थ. वडिलांचं श्राद्ध करायला आले होते. त्यांची बहीण लंडनला, तिला येता येत नव्हतं, पण वडिलांचं श्राद्ध डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून भालेराव बरोबर व्हिडिओ कॅसेट घेऊनच आले. भाच्याने तिकडून पाठवलेली, कोरी म्हणून. बाबांना हा प्रकार पसंत नव्हता, पण लेकीला बापाचं श्राद्ध बघावंसं वाटतं ह्यावर ते काय बोलणार? गल्लीतल्या लग्नांची शूटिंग करणारा गुड्डू आला, खांद्यावर ते अवजड धूड घेऊन चौकात उभा राहिला, आणि चप्पल काढायला विसरला म्हणून त्याने बाबांची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी भाड्याचा व्हीसीआर आला. भालेरावांना दुसऱ्या दिवशी गाडी होती, त्याआधी सगळं नीट उतरलंय का ते बघायचं होतं. टीव्हीवरचं लुगडं निघालं. सिनेमा नव्हे, श्राद्धच आहे, तेव्हा हरकत नाही, असं बाबांनीच ठरवलं. आम्ही सतरंजीवर बसलो. बाबा, भालेराव, गुड्डू, मी. आई स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ. पडद्यावर पिंड दिसले आणि भालेरावांनी हात जोडले, म्हणून आम्हीही जोडले. सगळं छान चाललं होतं. पिंडांवर तीळ पडले, पाणी पडलं, पडद्यावरचे बाबा पुढचा मंत्र म्हणायला तोंड उघडतात तोच चित्र थरथरलं, मुंग्या आल्या, आणि एकदम एक लांब केसांचा माणूस तोंडाचा आ करून आमच्यावर ओरडला.

भालेरावांचे हात जोडलेलेच. "हे काय होऊन राह्यलं हो गुरुजी?"

गुड्डू पांढराफटक. "गुरुजी, कसम से, कैसेट तो एकदम खाली थी!"

कॅसेट कोरी नव्हती. भाच्याने कुठल्या तरी बँडचा कार्यक्रम तिकडच्या टीव्हीवरून उतरवून घेतला होता, आणि त्याच्या पहिल्या भागावर भालेरावांच्या वडिलांचं श्राद्ध बसलं होतं. मी बंद करायला उठले. बाबांनी हाताने खाली बसवलं.

"विसर्जन झालेलं नाही," ते म्हणाले.

आमच्याकडे हा नियम दगडावरच्या रेघेसारखा होता. पितरांना निरोप दिल्याखेरीज आसनावरून कोणी उठायचं नाही. गुड्डूची बॅटरी विसर्जनाच्या आधीच संपली होती आणि मार खायच्या भीतीने त्याने ते सांगितलं नव्हतं. बाबांना वाटलं, मध्ये काहीतरी भलतं घुसलंय, विसर्जन पुढे येईल. तेव्हा काशीक्षेत्री, ऐन पितृपंधरवड्यात, एक वैदिक ब्राह्मण, एक यजमान, एक व्हिडिओवाला आणि एक कॉलेजातली मुलगी हात जोडून त्या बँडसमोर बसून राहिले. विसर्जनाची वाट पाहत.

मला पहिल्यांदा हसू आवरेना. मग केव्हा तरी हसू गेलं. तो प्रचंड मंच, धुरातून येणारे निळे-तांबडे उजेड, खाली अंधारात माणसंच माणसं. ढोल बडवणारा घामाने निथळत होता आणि तरीही हात आवरून होता, पुढच्याला वाट करून देत होता. ओरडणारा माणूस एक ओळ म्हणे आणि थांबे, आणि कोणीतरी बाजूला इवलासा माउथऑर्गन ओठाला लावून त्याला उत्तर देई. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. शब्द एक कळत नव्हता. पण त्या माणसाचं कोणीतरी गेलंय आणि तो त्याला हाका मारतोय, एवढं मला कळलं. आमच्या घरी पंधरा दिवस दुसरं काय चाललं होतं?

आणि मग मंचाच्या मधोमध एक खुर्ची आणून ठेवली. एक बाई आली. काळी, जाड, चष्मा लावलेली, केस पिकलेले, आईपेक्षा चार वर्षं मोठीच असेल. दुर्गाघाटावर नऊवारीत उभी केली असती तर कोणीही काकू म्हणून हाक मारली असती. ती सावकाश खुर्चीत बसली, पाय जुळवले, आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली. डाव्या हातात चकाकणारा रॉड.

"अगं बाई," आई दारातून म्हणाली. "मांडीवर!"

ती कधी पुढे आली ते कळलं नाही. टीव्हीपुढे सतरंजीच्या कडेला टेकली, पिठाचे हात तसेच वर धरून.

त्या बाईने एक सूर छेडला आणि रॉड सरकवायला सुरुवात केली. एवढा वेळ गर्जत असलेला बँड श्वास रोखून मागे सरला. सूर खालून निघाला, वर चढायला लागला, मध्ये रेंगाळला, थरथरला, परत वर. हजारो माणसं चिडीचूप. त्या बाईचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, सूर जणू तिच्याच घशातून निघत होता. मी अण्णांची गिटार जन्मभर ऐकली होती, सिनेमातली गाणी वाजवणारी, थोडी पोरकट वाटणारी. तिच्या पोटात हे एवढं होतं? आणि हे अण्णांना ठाऊक होतं? असणारच. म्हणून तर ते हसत असतील.

बाबा पुटपुटले, "बसलीय कशी बघ. अनुष्ठानाला बसावं तशी." बाबा माणसाची पारख बसण्यावरून करत. ह्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी कोणाला दिल्याचं मला आठवत नाही.

सूर आता अगदी वर, कड्यावर येऊन थांबला होता. उतरणार कुठे? आणि बिजली गेली.

बनारसची बिजली, तिला काय काळवेळ. पडदा विझला, आवाज गेला, चौकात मिट्ट. कोणी हललं नाही, "मेणबत्ती आण," असं देखील कोणी म्हणालं नाही. तो अर्धा सूर आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर तसाच टांगलेला. दूर घाटावर कोणी मल्लाह कोणाला हाका मारत होता.

मग अंधारात आई गायली. गायली म्हणजे काय, नुसता आकार, अगदी हळू. जिथे सूर तुटला होता तिथून तिने तो उचलला, क्षणभर तोलला, आणि सावकाश घसरवत खाली आणला. एका जागी ठेवला. तिथे तो टेकला तेव्हा माझ्या शेजारी भालेरावांनी जोरात नाक ओढलं.

पितृपंधरवड्यात, बाबांच्या देखत, सोवळ्यात. बाबांचे हात जोडलेलेच होते.

बिजली आली. गुड्डूने बटण दाबलं. कॅसेट जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली: ती बाई, मिटलेले डोळे, कड्यावरचा सूर. आणि तिने तो खाली आणला. तसाच, त्याच वाटेने, मध्ये तेवढाच रेंगाळत, आणि ठेवला आईने ठेवला होता त्याच जागी.

मी आईकडे पाहिलं. तिचे पिठाचे दोन्ही हात मांडीवर आले होते आणि डावा हात आडवा, रॉड धरल्यासारखा, लुगड्यावरून सरकत होता. टीव्हीत माणसांचा समुद्र उसळला, टाळ्या, शिट्ट्या. आई रडत होती आणि हसतही होती. सातासमुद्रापलीकडची, कधी न पाहिलेली बाई आणि आमच्या चुलीपुढची आई एकाच सुरावर कशा येऊन बसल्या? मला आजही ह्याचं उत्तर ठाऊक नाही, आणि आजही तो क्षण आठवला की मी हातातलं काम ठेवते. पितर येतात ह्यावर माझा तोवर फारसा विश्वास नव्हता. त्या संध्याकाळी अण्णा आले होते, हे मी शपथेवर सांगेन.

विसर्जन आलं नाही. कॅसेट संपली, तेव्हा बाबांनी स्वतःच मंत्र म्हणून पितरांना निरोप दिला. नक्की कोणाच्या पितरांना, ते त्यांनी सांगितलं नाही. मग आम्ही उठलो.

भालेरावांनी कॅसेट तशीच लंडनला पाठवली. बहिणीने पुढे काय बघितलं देव जाणे. बँडचं नाव सुरुवातीला असणार, ते पिंडांखाली गेलं. आता मोबाइलवर जगातलं सगळं मिळतं म्हणतात. मी खूप शोधलं, कुठे खुर्चीवर बसलेली चष्म्याची बाई दिसते का ते. एकदा मुलगी म्हणाली, "आई, नाव तरी सांग." नाव कुठून सांगू?

अमावास्येला शास्त्रीबुवा वेळेवर आले. आईने फळीवरून गिटार काढली, धोतर सोडलं, पुसली. रात्रीत तिचा चेहरा ओढला गेला होता. मला वाटलं होतं, त्या संध्याकाळनंतर ती नको म्हणेल. पण शब्द दिला होता, अण्णांच्या नावाने दिला होता, आणि माझी आई दिला शब्द फिरवणारी नव्हती. तिने गिटार दर्भावर ठेवली आणि बाबांच्या मागे बसली.

बाबांचं तर्पण संथ चाललं. त्यांच्या सगळ्या गणगोताच्या शेवटी शेवटी अण्णांचं नाव आलं, तिळाचं पाणी पडलं. मग दानाचा संकल्प. बाबांनी पळीभर पाणी हातावर घेतलं. शास्त्रीबुवांनी सरावाने हात पुढे केला. दान घेणाऱ्याचं गोत्र आणि नाव उच्चारायचं असतं, ते बाबांनी खणखणीत उच्चारलं.

"कौशिकगोत्रोत्पन्नायै कुसुमनाम्न्यै..."

शास्त्रीबुवांचा हात हवेतच राहिला. आईने मान वर केली. लग्न झालं की बाईचं गोत्र नवऱ्याचं होतं, हे बाबांनी शेकडो मांडवांत सांगितलं होतं. तिचं नाव त्यांनी स्वतःच्या अंगठीने बदललं होतं. ज्या माणसाच्या तोंडून ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला गंगेच्या ह्या काठावर कोणी ऐकला नव्हता, तो भर श्राद्धात, शास्त्रीबुवांच्या साक्षीने, बायकोला माहेरच्या गोत्राने आणि माहेरच्या नावाने हाक मारत होता. आणि चूक सुधारत नव्हता.

"तुभ्यमहं संप्रददे," बाबा म्हणाले. पाणी सोडलं. "न मम."

हे मी तुला देतो, हे आता माझं नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्येक दानाला म्हणतात.

घेणाऱ्याने उत्तर द्यायचं असतं. आईने ते जन्मभर स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. ती पुढे सरकली, पदर सावरला, दोन्ही हात पसरले.

"स्वस्ति," ती म्हणाली. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

शास्त्रीबुवांना धोतरजोडी आणि छत्री मिळाली, आणि मला वाटतं, त्यांना हायसं वाटलं. दसऱ्याला आईने सरस्वतीपुढे गिटार ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मिसळणाच्या डब्यातून रॉड काढला. तारांना गंज चढला होता, पहिला सूर कण्हला. दुसरा नाही.

त्यानंतर मी काशीत होते तोवर एक गोष्ट रोज बघत आले. बाबा संध्याकाळी घाटावरून येत, ओल्या पंचाने, ओल्या पायांनी, आणि वर आई वाजवत असली तर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहत. वर येत नसत. सूर संपला, रॉड ठेवल्याचा आवाज झाला, की मगच पायरी चढत, आणि वर येऊन म्हणत, "अगं, चहा होतोय का?" जिन्यात त्यांच्या पावलांचं ओलं उमटे, आणि ते वाळायला वेळ लागे.

गुरुजींना उत्तर द्यायचं होतं, म्हणून काल आईला विचारलं. आता ती माझ्याजवळ असते, गुडघे कुरकुरतात, कान मात्र शाबूत. "बाबांच्या नावाने काय द्यायचं? त्यांना काय आवडायचं?"

तिला विचार करावा लागला नाही. "गुरुजींना सांग, वस्तू नाही. अर्धा तास लवकर या म्हणावं, आणि बसून ऐका."

"पितृपंधरवड्यात?"

"संकल्प मी सांगते," कुसुम म्हणाली, आणि गिटारीच्या जुन्या तारा काढायला बसली.